पाताहेरूंची घळ

पूर्वेचा वारा सुरू झाला की आमच्या वायलोपात किनाऱ्यावर उगाच कुणी जात नाही. लाटा प्रवाळाचा कठडा ओलांडून थेट नारळांच्या मुळाशी येऊन आपटतात. पण त्या सकाळी अख्खं गाव तिकडे धावलं. समुद्राने लोले आणून टाकले होते. एकदोन नव्हे, ढीगच्या ढीग.

लोला म्हणजे आमचा भोवऱ्यासारखा शंख. आतलं मांस आम्ही खातो, शंख व्यापारी नेतात आणि त्याची बटणं करतात म्हणे. या लोल्यांना मात्र कुठल्या व्यापाऱ्याने हात लावला नसता. पांढरेफटक, किडीने पोखरलेले, आतून रिकामे. मी एक उचलला आणि चटकन खाली टाकला. कारण हे लोले चोरीला गेले होते. आम्ही चोर पकडला होता. चोराला शिक्षाही करून झाली होती.

माझा नवरा एलिफास पाण्याच्या कडेला उभा होता. तो गावच्या केवांगांचा, म्हणजे समुद्राच्या राखणदारांचा मुख्य. एरवी किनाऱ्यावर चार माणसं जमली की आधी याचा आवाज ऐकू येतो. त्या दिवशी तो हातातला एक रिकामा लोला नुसता उलटापालटा करत होता.

"कठड्याखाली मरून पडलेले असणार," कुणीतरी म्हणालं. "लाटांनी वर काढले."

"पण चोर तर शंखच नेतो ना?" दुसऱ्याने विचारलं. "शंख टाकून देणारा चोर कुठला?"

सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले.

झालं होतं ते असं. काही वर्षांपूर्वी आम्ही कठड्यावर सासी लावली होती. चर्चमध्ये प्रार्थना करून, किनाऱ्यावर खांब रोवून, त्याला नारळाची कोवळी झावळी बांधून समुद्राचा तेवढा तुकडा बंद करायचा. बंद म्हणजे बंद. राजाच्या, म्हणजे आमच्या गावप्रमुखाच्या, पोरानेसुद्धा तिथे हात घालायचा नाही. मधल्या काळात लोले वाढतात, मग ठरल्या वेळी सासी उघडते आणि गाव एकदमच पाण्यात उतरतं. चर्चचं छप्पर, पोरांची शिक्षणं, लग्नं, सगळं त्या लोल्यांवर निघतं.

यंदा ईस्टरनंतर सासी उघडली. आमचे गडी बुड्या मारमारून थकले आणि टोपल्या जवळजवळ रिकाम्याच वर आल्या.

आता सासी पाळली की समुद्र देतो, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलेलं. तेव्हा समुद्राने दिलं नाही म्हणजे कुणीतरी सासी मोडली. दुसरं काही कारण असेल असं कुणाच्या डोक्यात आलंच नाही. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात ओहोटीला कठड्यावर पाऊल टाकलं तर पाणी चटका देत होतं. प्रवाळ पांढरं पडलं होतं. ते आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. यंदा ऊन जरा जास्तच आहे बाई, असं म्हणून आम्ही सावलीत जाऊन बसलो होतो.

मग केवांगांनी घरं तपासली. आणि उसी नेलाच्या चुलीमागे टोपभर लोले सापडले. जिवंत, ताजे, चांगले मोठे.

उसी म्हणजे ताई. नेला माझ्याहून मोठी, पाताहेरू घराण्याची सून. तिचा नवरा योनास बुडून गेला, मूलबाळ नाही, दीर परदेशी बोटींवर गेले ते परत आलेच नाहीत. त्या घराण्यात आता ती एकटी. मासे धुरावून विकते. बोलायला फटकळ, त्यामुळे तिच्याकडे कुणी फारसं बसत नसे.

"हे कुठले?" एलिफासने विचारलं. मी दारातच होते.

"माझ्या घळीतले."

पाताहेरूंची घळ म्हणजे कठड्याला जिथे चीर गेली आहे ती जागा. तिथे पाणी एकदम खोल आणि गार, आणि ओढ अशी की होडी फिरवून टाकते. ती त्यांच्या घराण्याच्या मालकीची. सासीत ती कधीच नव्हती, कारण तिथे उतरतंय कोण? योनास तिथेच गेला होता.

"घळीत लोले नसतात," एलिफास म्हणाला.

"कधी बघितलंस तू?"

"अख्ख्या गावाला माहीत आहे."

"गाव जाऊ दे रे. तू उतर आणि बघ. चल, होडी मी वल्हवते. तुला वल्हवायचाही त्रास नको."

बरोबरचे दोघं हसले. एलिफास लाल झाला. "नवरा गेला तिथे बुड्या मारतेस म्हणून सांगतेस? कुणाला खरं वाटेल?"

"तो तिथेच आहे म्हणून मारते," नेला म्हणाली.

तो उतरला नाही. मला ते आधीच कळलं होतं. योनास बुडाला तेव्हा होडीत एलिफासच होता, आणि त्यानंतर त्या बाजूला त्याने साधा गळसुद्धा टाकला नाही. पावसाळ्यात झोपेत दचकून उठतो. बायकोपासून काय लपतं? गावाला तो शूर वाटतो, मीही वाटू देते. त्या दिवशी मी 'जाऊन बघ तर खरं' एवढं म्हणाले असते तरी पुरलं असतं. पण चार लोकांत नवऱ्याची भीती उघडी पडेल म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

रविवारी प्रार्थनेनंतर शिक्षा झाली. लोले दोरीत ओवून गळ्यात घालायचे, हातात पत्र्याचा डबा घेऊन वाजवत गावातून चालायचं आणि ओरडायचं, "माझ्यासारखं करू नका." नेलाने डबा वाजवला. ओरडली मात्र नाही. एलिफास मागून चालत होता. त्याने दोनदा सांगितलं, तरी ती ओरडली नाही. आमच्या घरावरून ती जायला लागली तेव्हा मी खिडकी लावून घेतली. तेव्हा मला वाटलं होतं, मी तिची लाज राखतेय.

त्यानंतर तिच्याकडून मासे कुणी घेईना. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना. ती मात्र दर रविवारी यायची, ताठ बसायची आणि निघून जायची. आम्हीच म्हणायचो, काय बाई निगरगट्ट आहे.

आणि आता किनाऱ्यावर हे मेलेले लोले.

अँबोन शहराहून मत्स्यखात्याची पोरगी आली, इचा नावाची. ती आधीपासून आमच्या कठड्यावर पाण्याची उष्णता मोजायला यायची, आम्ही तिला 'तापवाली डॉक्टरीण' म्हणून चिडवायचो. तिने ढीग पाहिला, दोन-चार लोले उलटे करून पाहिले.

"गरम पाण्याने मेलेत," ती म्हणाली. "मी तुम्हाला तेव्हाच म्हणाले होते, कठड्यावर पाणी फार तापलंय."

"तू तापलंय म्हणालीस, मेलेत कुठे म्हणालीस?" एलिफास चिडून म्हणाला.

"बापा एली, तेव्हा मलाही दिसले नव्हते. आता सांगा, इथे गार पाणी कुठे आहे? तिथे काही वाचले असतील तर त्यांच्यापासून पुन्हा सुरुवात करता येईल. ते गेले तर मात्र संपलं."

सगळ्यांच्या नजरा घळीकडे वळल्या, ते त्या पोरीलाही कळलं.

वारा दोन दिवस पडला तेव्हा ती पाठीवर हवेची नळकांडी बांधून घळीत उतरायला निघाली. होडीवर केवांग हवा म्हणून एलिफासला जावं लागलं. मी किनाऱ्यावरून बघत होते. ती खाली गेली, वर आली, त्याला काहीतरी म्हणाली. बराच वेळ तो होडीची कड धरून बसला होता. मग त्याने सदरा काढला आणि उडी मारली. वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. घरी येऊन तो चुलीजवळ बसला. मी पुढ्यात गरम रस्सा ठेवला, तोही तसाच गार झाला.

"आहेत?" मी विचारलं.

"आहेत. माझ्या मुठीहून मोठे." मग म्हणाला, "दोर्का, फार खोल नाहीये गं. एवढं काही खोल नाहीये ते."

आणि हा एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्याचा राग आला होता आणि स्वतःचा त्याहून जास्त.

राजाच्या ओसरीवर बैठक बसली. बापा राजा, पाळकबुवा, केवांग, जाणती माणसं. इचाने समजावून सांगितलं. कठड्यावरचं उथळ पाणी दर काही वर्षांनी असं तापणारच. म्हणून सासी आता फक्त वर्षं मोजून लावायची नाही, पाणी बघून लावायची आणि जागाही बदलायची. घळ बंद करा. तिथले लोले अंडी घालतील, पिल्लं ओढीबरोबर बाहेर पसरतील, कठड्यावर मेले तरी बी शिल्लक राहील.

"छान," बापा राजा म्हणाला. "मग घळ बंद करू."

"घळ पाताहेरूंची आहे," एक म्हातारा म्हणाला. "मालकाने दिल्याशिवाय सासी लागत नाही."

"म्हणजे विचारायला हवं."

"हवं."

"कुणीतरी जायला हवं."

"हवं तर."

पाळकबुवांना खोकला आला. राजाची कंबर अचानक धरली. एकाला आठवलं की त्याची बकरी सुटलेली आहे. देवाशप्पथ, एवढे मिशीवाले बाप्ये, पण एका विधवेच्या दारात जायचं म्हटल्यावर एकेकाची अशी दातखीळ बसली की मला हसू यावं. हसू आलं नाही एवढंच.

"मी जातो," एलिफास म्हणाला.

आमच्याकडे काही मागायला जायचं तर ताटात विड्याची पानं आणि सुपारी घेऊन जातात. मी ताट घेतलं. वाटभर तो पुटपुटत होता, "उसी, माझी चूक झाली, मला माफ कर. उसी, माझी चूक झाली..." शाळेतल्या पोराने कविता घोकावी तसं. एका ठिकाणी अडखळायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

नेला अंगणात मासे धुरावत होती. विकत कुणी घेत नव्हतं तरी धुरावत होती. आम्हाला बघून उठली नाही. मी ताट पुढे केलं, तिने घेतलं नाही. मी ते तसंच हातात धरून उभी राहिले.

"घळ हवी आहे ना?" ती म्हणाली.

एलिफासचं घोकलेलं सगळं घशातच राहिलं. "तुला... कसं कळलं?"

"ती तापवाली पोरगी येऊन गेली. तुमच्याआधी. तिने आधी मला विचारलं, मग तुम्हाला सांगितलं. बाहेरची आहे ना, तिला अक्कल आहे."

"उसी..."

"घ्या घळ. दिली."

मला वाटलं होतं ती ओरडेल, झाडू घेऊन अंगावर येईल, निदान थुंकेल. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. तिने मासा उलटला आणि धुराने डोळे चोळले.

"अशीच?" एलिफास म्हणाला. "काही अट नाही?"

"कसली अट? लोल्यांनी माझं काय वाकडं केलंय?"

"उसी नेला, मला एक बोलायचंय. माझी..."

"ते नको," ती म्हणाली.

"ऐकून तरी घे."

"नाही ऐकायचं. तू माफी मागितलीस तर मला काहीतरी म्हणावं लागेल. काय म्हणू? असू दे म्हणू? नाही असू दे, एली. मग तू हलका होऊन घरी जाशील आणि जेवशील. मी काय करू?"

एलिफास तिथेच उभा. एवढा आडदांड माणूस, पण हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना. मला त्याची दया आली आणि मी मधे तोंड घातलं. "पण उसी, घळ बंद झाल्यावर तू काय खाशील?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "बरं विचारलंस. खिडकी लावून घेतलीस त्याच्या आधी विचारायचं होतंस."

माझ्या हातातलं ताट थरथरायला लागलं. सुपाऱ्या खडखडत होत्या आणि मला ते थांबवता येईना. शेवटी तिनेच पुढे होऊन माझ्या हातातून ताट घेतलं आणि ओट्यावर ठेवलं. म्हणजे आमचं मागणं रीतीप्रमाणे मान्य झालं. पान मात्र तिने उचललं नाही. आम्ही घरी आलो. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी बातमी गेली की नेलाने घळ दिली, आणि प्रत्येक घरात तेच, आनंद झाला म्हणायची कुणाची छाती होईना. बायका धुरावलेले मासे घ्यायला तिच्याकडे जायला लागल्या, गरज नसताना. ती द्यायची, पैसे घ्यायची, बोलायची नाही.

सासी लावायच्या सकाळी सगळं गाव घळीसमोरच्या वाळूत जमलं. शंख फुंकला, पाळकबुवांनी प्रार्थना म्हटली. मग मालकाने खांब रोवायचा असतो. नेला काळा झगा घालून आली, चर्चला जाताना घालते तोच. दोघं गडी मदतीला पुढे झाले, तिने त्यांना मानेनेच नाही म्हटलं आणि एकटीने खांब वाळूत खुपसला. बराच वेळ लागला. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो.

मग केवांगांच्या मुख्याने सासीचे नियम मोठ्याने म्हणायचे. ते कुठे लिहिलेले नसतात. बापाकडून मुलाकडे आलेले, एलिफासला झोपेतही येतात. त्याने हद्द सांगितली, या खडकापासून त्या खडकापर्यंत. काय धरायचं नाही ते सांगितलं. "आणि जो कोणी ही सासी मोडेल," तो म्हणाला, "त्याला..."

आणि थांबला.

पुढे शिक्षा येते. दोरी, डबा, गावातून चालणं. ते शब्द त्याच्या तोंडून निघेनात. नेला खांबाजवळच उभी होती, हात लांबवला तर लागेल एवढ्यावर. मला वाटलं, आत्ता जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

बापा राजा पुढे झुकून कुजबुजला, "राहू दे ते. पुढचं म्हण."

पाळकबुवांनीही मान हलवली. "हो, हो. एवढं वगळलं तर चालेल."

सगळ्यांचे खांदे सैल पडलेले मला दिसले. सुटलो एकदाचे.

"का वगळायचं?" नेला म्हणाली. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. "माझ्या घळीत उद्या कुणी चोरी केली तर त्याला काय पापेदाची पेज करून वाढू? पूर्ण म्हण, एली."

"उसी, मला नाही म्हणवत."

"मला चालवलं होतंस तेव्हा म्हणवलं होतं."

एलिफासने मान खाली घातली.

"नियम चांगला आहे," ती म्हणाली. "त्याच्या आधी एक वाक्य नव्हतं. ते घाल."

"कुठलं?"

"तुला माहीत आहे."

बापा राजा चुळबुळला. सासीच्या शब्दांत नवा शब्द आमच्या आज्याच्या आज्यानेही घातला नव्हता. आणि खांबासमोर एकदा म्हटलेला शब्द परत घेता येत नाही. पुढे जो कोणी केवांग होईल तो प्रत्येक सासीला तो म्हणणार, आमची नातवंडं ऐकणार. पण नको म्हणायची राजाची हिंमत झाली नाही.

एलिफासने डोळे पुसले. समुद्राकडे तोंड केलं, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा गावाकडे वळला.

"कुणावर आळ घेण्याआधी," तो म्हणाला, "केवांगाने स्वतः पाण्यात उतरून बघावं."

नेलाने मान हलवली. तिला हवं होतं ते झालं होतं. पण तो थांबला नव्हता.

"भीती वाटत असली तरी," तो म्हणाला.

हे शब्द तिने सांगितले नव्हते. गावाला क्षणभर काही कळलं नाही, मग एकेकाच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला. म्हणजे हा घाबरला होता. वायलोपाचा एलिफास घाबरला म्हणून ती बाई डबा वाजवत चालली. मी इतकी वर्षं झाकून ठेवलेलं त्याने स्वतःच्या हाताने उघड्यावर मांडलं, आणि कायमचं.

नेलाने त्याच्याकडे पाहिलं. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिचे ओठ हलले असं मला वाटलं, पण ती काही बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही. मग तिने झग्याची वाळू झटकली.

"हं," म्हणाली. "आता पुढचं म्हण."

आणि माझ्या नवऱ्याने तिच्या डोळ्यांत बघून शिक्षेचा एकेक शब्द म्हटला. ती शेवटपर्यंत ताठ उभी राहून ऐकत होती. आम्ही बाकीचे सगळे वाळूकडे बघत होतो.